तारीख घे, हमी मागू नकोस

अगं, तुझा प्रश्न मला कळलाय. दोन वर्षं सराव केला, बाबांचे पैसे घातले, ऑफिसात बिनपगारी रजा मागितली, इंग्लिश खाडी पोहायला थेट डोव्हरपर्यंत गेले, आणि झालंच नाही तर? सर म्हणतात होईल. मैत्रिणी म्हणतात, तू करशीलच. मी तसं म्हणणार नाही, कारण मला ते ठाऊक नाही. कदाचित नाही होणार. मोठ्या बहिणीनं धाकटीला धीर द्यावा हे खरं, पण खोट्या खात्रीवर दिलेला धीर पहिल्याच थंड लाटेला संपतो. निकालाची हमी नसतानाही माणूस पूर्ण मनानं एखाद्या गोष्टीला वाहून घेऊ शकतो, यावर माझा विश्वास आहे. फक्त आपण नक्की कशाला हो म्हणतोय, ते आधी ठरवावं लागतं. ते आज आपण नीट बोलू.

आधी ही अनिश्चितता येते कुठून ते बघ. डोव्हरजवळचा किनारा ते फ्रान्सचं काप ग्री-ने हे टोक, सरळ अंतर साधारण 33 किलोमीटर. आपलं धरमतर ते गेटवे 36 किलोमीटर धरतात. नुसते आकडे पाहिले तर वाटतं, एवढं तर आपल्याकडेच पोहतात की! पण धरमतरहून ओहोटी साधून निघालं, तर पाणी मुंबईकडे ढकलतं. इंग्लिश खाडीत प्रवाह आडवा असतो. साधारण सहा तास एका बाजूला, मग उलट्या बाजूला. म्हणून पोहणाऱ्याचा मार्ग सरळ राहत नाही, वळणं घेत घेत अंतर वाढत जातं. आपल्या समुद्राचं पाणी कोमट, तिथलं ऐन हंगामातही 15 ते 18 अंश. अंगावर साधा बिनबाह्यांचा पोहण्याचा पोशाख, एक टोपी, गॉगल आणि ग्रीस, एवढंच चालतं. वेटसूट घातला तर ते अधिकृत धरत नाहीत. बोटीला हात लावला किंवा बोटीवरच्या कुणी तुला धरलं, की तिथंच संपलं.

हे झालं पाण्याचं. त्याआधी वाऱ्याचं. तिथं बोट पुष्कळ आधी, कधी कधी दोन वर्षं आधी ठरवावी लागते. बहुतेक तारखा भांगाच्या भरतीच्या आठवड्यात देतात, कारण उधाणाच्या दिवसांत प्रवाहाला जोर फार असतो. आपल्या कोळ्यांना अष्टमीचं पाणी आणि पौर्णिमेचं पाणी यातला फरक कुणी शिकवावा लागत नाही, तोच हिशेब तिथेही आहे. त्या आठवड्यात तुझा नंबर पहिला असेल, दुसरा असेल, तिसराही असेल. वारा सुटला की सगळ्यांनी थांबायचं. दोन दिवस वारा पडला, तर पहिल्या-दुसऱ्या नंबरच्या मुली निघून जातात आणि तिसरी वाट बघत बसते. सगळी तयारी होऊन, पाण्यात पाय न घालता परत आलेले पोहणारेही आहेत. हे तुला कुणी सांगितलं नसेल, तर माझ्याकडून ऐक.

म्हणजे या कामाचे सरळ दोन भाग पडतात. एक तुझ्या हातातला: सराव, थंडीची सवय, खाणंपिणं, पैसे, झोप, सोबत कोण असेल ते. दुसरा समुद्राच्या हातातला. तुझी सगळी घालमेल दुसऱ्या भागाची आहे, आणि ती घालमेल तुझ्या पहिल्या भागाचा वेळ खातेय. गेल्या महिन्यात किती सकाळी तू पोहायला गेलीस आणि किती सकाळी जावं की नाही या विचारात उशीत तोंड खुपसून पडलीस, हे मनाशी एकदा खरं खरं मांड.

आता तुला काही जणांबद्दल सांगते. मॅथ्यू वेब हे 1875 मध्ये कुठल्याही आधाराशिवाय ही खाडी पोहून गेलेले पहिले गृहस्थ. 21 तास 45 मिनिटं, तेही ब्रेस्टस्ट्रोकनं. त्याच महिन्यात, काही दिवस आधी त्यांनी एकदा उडी घेतली होती आणि वारा-लाटांपुढे प्रयत्न सोडला होता. गर्ट्रूड एडरली ही अमेरिकन मुलगी 1925 मध्ये पोहायला उतरली. मध्येच तिला सोबतच्या माणसानं हात लावला आणि प्रयत्न बाद झाला. पुढच्या वर्षी, 6 ऑगस्ट 1926 रोजी तीच मुलगी सुमारे साडेचौदा तासांत पार गेली. खाडी पोहणारी ती पहिली स्त्री, आणि तिच्याआधी पार झालेल्या पाचही पुरुषांपेक्षा तिचा वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी. आपल्या आरती साहा कोलकात्याच्या. 1959 च्या ऑगस्टमध्ये तास न् तास पोहून, किनारा जवळ येत असताना उलट्या प्रवाहानं त्यांना अडवलं आणि पाण्याबाहेर यावं लागलं. 29 सप्टेंबरला त्या पुन्हा उतरल्या आणि 16 तास 20 मिनिटांत पार झाल्या. खाडी पोहणारी पहिली आशियाई स्त्री. पुढच्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली.

तिघांचाही पहिला प्रयत्न फसला होता. आरतीबाईंचंच घे. ऑगस्टमधल्या आरती आणि सप्टेंबरमधल्या आरती यांच्या हातापायांत काय मोठा फरक पडला असेल? महिन्याभरात कुणी वेगळी पोहणारी होत नाही. समुद्र वेगळा होता. म्हणजे ऑगस्टमध्ये त्या परतल्या तेव्हाही त्या खाडी पोहण्याच्या लायकीच्याच होत्या, फक्त त्या दिवशी ते सिद्ध झालं नाही. तू तुझी लायकी एका दिवसाच्या वाऱ्यावर टांगू नकोस, एवढंच मला यातून घ्यावंसं वाटतं.

पण नाण्याची दुसरी बाजू लपवली तर मी तुझी ताई कसली? एडरलीच्या 1925 च्या प्रयत्नात तिचे मार्गदर्शक होते जेबेझ वुल्फ. त्यांनी स्वतः वीसहून अधिक वेळा ही खाडी पोहायचा प्रयत्न केला. एकदाही जमलं नाही. माणूस कच्चा नव्हता, जिद्द कमी नव्हती. तरी नाही. आणि वेब? खाडी जिंकल्यावर पुढच्या मोठ्या धाडसाच्या शोधात ते 1883 मध्ये नायगाराच्या खालच्या उसळत्या पाण्यात उतरले आणि तिथंच गेले. ‘प्रयत्न करत राहा, यश मिळतंच’ हे वाक्य मला म्हणूनच तुझ्यापुढे ठेववत नाही. नुसत्या जिद्दीला काठ नसतो. तो आपण घालायचा.

तो कसा घालायचा ते आता सांगते. एका कागदावर तीन गोष्टी लिही आणि खाली सही कर. पहिली, मुदत. दोन हंगाम, त्यापुढे नाही, असं ठरव हवं तर. या मुदतीत रोज सकाळी जावं की जाऊ नये हा विचार करायचा नाही, फक्त जायचं. दुसरी, पैसा. बोटीचेच काही हजार पौंड, म्हणजे रुपयांत लाखांच्या घरात. वर व्हिसा, विमान, तिथलं राहणं, सोबत येणाऱ्याचा खर्च. बयाणा किती, तारीख वाऱ्यानं वाया गेली तर पुढं काय, काय परत मिळतं आणि काय नाही, हे बोटवाल्याकडून लेखी घे. मग एक आकडा ठरव, ज्याच्या पलीकडे घरातलं काही मोडायचं नाही, सोनं गहाण टाकायचं नाही, बाबांच्या फंडाला हात लावायचा नाही. तिसरी, शरीर. खांद्याचं दुखणं किती वाढलं की थांबायचं, हे डॉक्टरांशी बोलून आधी लिहून ठेव. या तिन्ही गोष्टी दमलेल्या, थंडीनं कुडकुडणाऱ्या मुलीनं ठरवायच्या नाहीत. आज, कोरड्या कपड्यांत, चहा पिताना ठरवायच्या.

कागद लिहिल्यावर एक बदल जाणवेल बघ. हे सगळं हातचं गेलं तरी आपण मोडून पडणार नाही, एवढा हिशेब डोळ्यांपुढे आला की मनातली भीती मोजता येते. मोजता आलेली भीती घेऊन पोहता येतं. मोजमाप नसलेली भीती मात्र पाण्यात उतरूच देत नाही.

आणि हे बघ, दोन वर्षं डोळे मिटून चालायचं नाहीये. वाटेत खऱ्या परीक्षा आहेत. पावसाळा संपला, समुद्र शांत झाला, की आपल्याकडे लांब पोहायला सुरुवात होते. मालवणला चिवल्याच्या किनाऱ्यावर सागरी स्पर्धा असतात, तिथं लाटांची, गर्दीची, खारट पाण्याची ओळख होईल. मग धरमतर. तिथं रात्री-पहाटे निघावं लागलं तर अंधारात पोहण्याची सवय लागेल, मुंबईच्या बंदरातला कचरा, तेल, जेलीफिश, सगळं भेटेल. तेवढं नीट जमलं तर पुढची पायरी: 16 अंश किंवा त्याहून थंड पाण्यात सलग सहा तास. हा दाखला दिल्याशिवाय तुला खाडीत उतरूच देणार नाहीत. आपल्या समुद्रात एवढी थंडी मिळत नाही, म्हणून पुष्कळ जण काही आठवडे आधी जाऊन डोव्हरच्या बंदरातल्या पाण्यात सराव करतात आणि तिथेच सहा तास पुरे करतात. या प्रत्येक पायरीवर तुला खरं उत्तर मिळेल. सहा तास जमले नाहीत, तर ते तुझ्याबद्दल काही वाईट सांगत नाही, आत्ता उतरू नकोस एवढंच सांगतं. मोठं ध्येय घेताना असे टप्पे आधी लावून ठेवावेत, म्हणजे शंकेला बोलायला एक ठरलेला दिवस मिळतो आणि बाकीचे दिवस तिनं गप्प बसायचं असतं.

शंका येईलच. येऊ दे. अनुभवी पोहणाऱ्यांनाही येते. तिला घराबाहेर काढायच्या मागे लागू नकोस, तीच एक मोठी दमछाक होते. वहीच्या मागच्या पानावर तारीख घालून लिहून ठेव: ‘आज वाटतंय जमणार नाही, कारण अमुक.’ धरमतर झाल्यावर ते पान उघड. काही कारणं विरून गेलेली असतील, एखादं मात्र तसंच उभं असेल. जे टिकलं त्यावर सरांशी बोल.

आता जरा आपल्या बायकांच्या गोष्टी, ज्या सरांना विचारायला तू लाजतेस. पाळीची तारीख आणि वाऱ्याची तारीख जुळवून घेता येत नाही. नंबर आला की उतरायचं. म्हणून आत्तापासूनच पाळीच्या दिवसांतही लांबचा सराव कर. टॅम्पॉन वापरायचा की कप, तो किती तास चालतो, पोटात दुखलं तर काय घ्यायचं, हे सगळं इथं करून बघ. डॉक्टरबाईंना खुलेपणानं सांग. खांद्याचे पट्टे, काख, मान, मांड्या, जिथं जिथं घासतं तिथं ग्रीस किती आणि कुठलं, तेही लांबच्या पोहण्यातच कळतं. खाऱ्या पाण्यानं जीभ सुजते, उलट्या होतात, त्यालाही सरावायला हवं.

आणि वजन. तुला थंड पाण्यात तास न् तास राहायचंय, अंगावर थोडी चरबी लागणारच. घरी कुणीतरी म्हणेल, ‘पोरगी किती सुटली!’ स्थळं बघायला सुरुवात झालेल्या घरात हे वाक्य फार टोचतं, मला माहितेय. त्यावर वाद घालू नकोस आणि त्यापायी भाकरी कमी करू नकोस. थंडीनं अंगातली उष्णता उतरली की आधी हात मंदावतात, मग बोलणं अडखळतं. म्हणूनच बोटीवरची माणसं तुझे मिनिटाचे हात मोजतात आणि साधे साधे प्रश्न विचारतात. तिथं तुला ती चरबी जपणार आहे. आईला हे एकदा शांतपणे समजावून सांग. ती समजेल. बाकीच्यांना समजलं नाही तरी चालतंय.

सांगायचं कुणाला हाही प्रश्नच. सगळ्या गावाला आधी सांगितलंस तर पोहताना डोक्यात गावच राहील. कुणालाच नाही सांगितलंस तर वाईट दिवशी फोन कुणाला करशील? मला वाटतं, चार-पाच माणसं पुरे. आई-बाबा, सर, डॉक्टर, ऑफिसातल्या साहेबांना रजेपुरतं, आणि मी. सत्कार, बॅनर, वर्तमानपत्र, हे सगळं नंतर बघू. ज्यांच्यासमोर तू रडू शकतेस त्यांनाच आधी सांग.

प्रत्यक्ष पाण्यातलं मी तुला कितीसं सांगणार? मी खाडी पोहलेली नाही. पण लांबच्या पोहण्यात बोटीवरून फीड, म्हणजे खाणंपिणं, द्यायला मी गेलेय, आणि तिथं एक गोष्ट डोळ्यांनी बघितलीय. ज्यांनी वर मान करून ‘किनारा किती राहिला?’ असं विचारायला सुरुवात केली, त्यांचे हात जड झाले. ज्यांनी पुढच्या फीडपर्यंतच पोहायचं ठरवलं, त्या टिकल्या. अर्ध्या तासानं दोरीला बांधलेली बाटली येणार, कोमट पेय घ्यायचं, दोन शब्द ऐकायचे, पुन्हा तोंड पाण्यात. मग पुढचा अर्धा तास. थांबायचं की नाही हा निर्णय बोटीचा पायलट आणि सर घेतील, हे आधीच कबूल करून ठेव. ते म्हणाले बाहेर ये, तर बाहेर यायचं. त्या भरवशावर तुला आत सगळं देता येतं. सांभाळणारी माणसं काठावर असली की माणूस मोकळ्या हातानं झोकून देतो.

हेच मी आपल्या पिंकीलाही सांगते, जी सी.ए.च्या अभ्यासाला बसलीय आणि रोज सकाळी निकालाच्या टक्केवारीनं घाबरते. हेच मी त्या वहिनींना सांगितलं, ज्यांना पस्तिशीत नोकरी सोडून पीएच.डी. करायचीय. पाणी वेगळं, हिशेब तोच. मुदत घाल, किंमत ठरव, टप्पे लाव, सांभाळणारी माणसं निवड, आणि मग मुदतभर मागं वळून विचारत बसू नकोस.

आपल्या महाराष्ट्राला हे पाणी परकं नाही, हेही लक्षात ठेव. मुंबईची रूपाली रेपाळे 1994 मध्ये शाळकरी वयात इंग्लिश खाडी पोहून गेली. पुण्याचे रोहन मोरे यांनी 2018 मध्ये जगातल्या सात कठीण सामुद्रधुन्या पुऱ्या केल्या, आणि असं करणारे ते पहिले आशियाई ठरले. त्यांनाही कुणी आधी हमीपत्र दिलं नव्हतं. त्यांनी तारीख घेतली, तयारी केली आणि पाण्यावर सोडलं.

मला विचारशील तर तू पोहावंस. खाडी पार झालीस तर मी सगळ्यांत मोठ्यानं ओरडेन. नाही झालीस, तरी दोन वर्षं रोज पहाटे उठलेली, अंधारात न घाबरणारी, स्वतःच्या पैशाचा आणि शरीराचा हिशेब स्वतः ठेवणारी मुलगी घरी परत येईल. ती मुलगी मला तुझ्यात आत्ताच दिसते, तिला मोठं व्हायला जागा दे. रविवारी दुपारी जेवायलाच ये. खर्चाचा कागद आण, दोन बोटवाल्यांची पत्रं आण. बाबांशी आपण दोघी मिळून बोलू. त्यांचा आवाज चढला तर चढू दे, आकडे मी सांगेन, मनातलं तू सांग.